बिनाक्लचच्या गाडीवरचा हेमला

मला राग लवकर येतो आणि उशिरा जातो. नातसुना म्हणतात, आजी, आता वय झालं, थंड घ्या. थंड घ्यायला मी काय ताक आहे? हे लिहितानाही राग आहेच, म्हणून अक्षर वाकडं आलं तर समजून घ्या. तसंही मी दुसरीपर्यंतच शिकले.

तर हेमला. आमच्या रिठदला लागून बंजाऱ्यांचा तांडा आहे, तिथला. वीस वर्षं त्यानं रिसोड-वाशीम काळीपिवळी जीप चालवली. नऊ माणसांच्या जीपमध्ये सतरा कोंबायचा, पण बाईमाणसाला कधी दारात लटकू दिलं नाही. माझ्या दोन्ही सुनांना बाळंतपणाला वाशीमला त्यानंच पोचवलं. मला तो ‘याडी’ म्हणतो. त्यांच्या बोलीत आईला तसं म्हणतात.

आठ वर्षांपूर्वी चाक बदलताना जॅक सरकला आणि जीप त्याच्या डाव्या पावलावर बसली. पाऊल राहिलं, पण लाकडासारखं. घोट्यात वाकत नाही. आता क्लच दाबायचा कशानं? दोन वर्षं तो रस्त्याकडेला बाजेवर बसून राहिला. जाणाऱ्या गाडीचा नुसता आवाज ऐकून सांगायचा, ‘याचा गिअर चुकला, त्याचा बराबर पडला.’ मी त्या रस्त्यानं जायचंच सोडलं. बघवत नव्हतं.

मग वाशीमच्या खेमचंदजींनी भाड्यानं द्यायला गाडी घेतली. त्यांचं भांड्यांचं दुकान आहे. गाडी नव्या तऱ्हेची. अंगानं लहान, पण चाकांवर उंच उभी. मोठ्या जीपचं पिल्लू म्हणा. गिअर आपोआप पडतात. क्लच नाहीच. दोनच पायडल, ब्रेक आणि रेस, अन् दोन्ही उजव्या पायाचे. हेमलानं चकरा मारून मारून तशा गाडीपुरतं लायसन करून आणलं आणि खेमचंदजींनी त्याला ठेवून घेतलं. त्या दिवशी त्यानं मला गावातून एक फेरी मारून आणली. मांडीवर पाण्याचा तांब्या होता, सांडला नाही.

आता रागाचं सांगते. गाडी दोन तऱ्हेनं भाड्यानं जाते. हेमलासकट, नाहीतर नुसती किल्ली. जवान पोट्टे नुसती किल्ली नेतात. ड्रायव्हर बसला की यांची शान कमी होते म्हणे. गाडी परत आणतात आणि फोनवर आपलं मत टाकतात. पाचातली एक चांदणी. ‘दिसायला वाघ, चालायला बोकड.’ ‘उंटासारखी मान टाकते.’ ‘गिअर स्वतः बदलते म्हणे, मग मला का हापटते?’ खेमचंदजी हे दुकानात बसून मोठ्यानं वाचायचे. त्यांचं स्वतःचं मत असं, की गाडी उंच आहे, खड्ड्यात बूड घासत नाही, गावचे लोक म्हणून मागतात. पण गिअरबॉक्स कच्चा निघाला. हेमला म्हणायचा, ‘सेठ, माह्या हाती तं कधी झटका देत नाई.’ त्यावर ते म्हणायचे, ‘हेमला, तुह्या हाती तं बैलगाडीबी झटका देनार नाई. भाडं देनारे काय सारेच हेमला हायेत?’

मागच्या महिन्यात तो माझ्या ओट्यावर येऊन बसला. चहा दिला तर बशीत ओतून तसाच बघत राहिला.

“याडी, रविवारी गाडी चालली.”

“कुठं?”

“इकून. मंगरूळचं गिऱ्हाईक हाये. सेठ आता गिअरवाली घेनार.”

“मंग तू?”

“मी बाजेवर.”

मला इतका राग आला की त्याचा चहा मीच पिऊन टाकला.

त्याच रविवारी आमच्या हरीओमची सोयरीक बघायला जऊळक्याला जायचं होतं. हरीओम माझ्या दिराचा नातू. दिवसभर ट्रॅक्टर चालवतो, पोटाला भाकर आणि डोक्याला तेल एवढंच त्याला कळतं. यानं गाडी कोणती आणावी? तीच. अन् नुसती किल्ली!

“हेमलाले काहून नाई आनलं?” मी विचारलं.

“आजी, पोरीवाल्यायनं मले चालवताना पाह्यलं पाह्यजे ना. चार वाजता गाडी सेठच्या दुकानापुढं लावाची हाये. चला, बसा लवकर.”

मी मागं बसले. काय सांगू! रिठदहून निघाले तेव्हा मी माणूस होते, जऊळक्याला उतरले तेव्हा गोधडीची वळकटी झाले होते. धाड धाड झटके. पेढ्यांचा पुडा सीटखाली, माझा चष्मा पुड्यावर, कपाळाला ही सुपारीएवढी गाठ. मुलीची आई कुंकू लावायला आली, तर तिला जागा शोधावी लागली. हरीओम आपला सगळ्यांना सांगतो, “गाडीच खराब हाये, मी नाई.”

परत येताना मी पुढच्या सीटवर बसले. पडायचंच आहे तर समोर बघत पडू. आणि मग त्याचे पाय दिसले. उजवा पाय आपलं काम करत होता. डावा पाय कोंबड्यासारखा टपून बसलेला. जरा वेग बदलला, वळण आलं, म्हैस आडवी आली, की तो डावा पाय वरून दाणकन खाली. ट्रॅक्टरचा क्लच तुडवतात ना, तसा. पण तिथं क्लच कुठंय? तिथं ब्रेकचा रुंद पायडल! गाडी बिचारी जागीच खिळायची आणि आम्ही काचेकडे.

“हरीओम, डावा पाय काय करून राह्यला बे तुहा?”

“कुठं काय? तो तं रिकामा हाये.”

त्याला खरंच ठाऊक नव्हतं. दहा वर्षांची सवय, पाय विचारून थोडाच पडतो! आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. ही गाडी नेणारे सगळे कोण? ट्रॅक्टरवालेच ना! हा तुडवणार, तो तुडवणार, आणि नाव बदनाम गाडीचं. हेमलाला कळणार कसं? हे चालवत असतात तेव्हा तो गाडीत नसतोच.

दुकानापुढं पोचलो तर मंगरूळचे गृहस्थ आलेले. हेमला शेवटचं म्हणून फडकं घेऊन उभा. मी उतरलेच नाही. काच खाली करून ओरडले, “खेमचंदजी, मागं येऊन बसा!”

“सोजरबाई, गिऱ्हाईक उभं हाये.”

“त्यायलेबी बसवा. हरीओम, डावा पाय वर घे. पंगतीत बसतो तशी मांडी घाल त्याची. अन् चाल आता स्टेशनपावतर.”

“आजी, लोक हासतीन.”

“कपाळावर गाठ मले आली. हासू दे.”

एका पायाची मांडी घालून हरीओमनं गाडी काढली. स्टेशनपर्यंत गेली, परत आली. लोणी! एकदा चढावर वीतभर मागं सरकली, गिअर बदलताना जरा श्वास घेतल्यासारखी थांबली, पण झटका म्हणून नाही. 

उतरल्यावर मी रस्त्यातच सुरू झाले. “आयकलं काय सेठ? तुमची गाडी खराब नाई, गावाचे डावे पाय खराब हायेत! या हेमलाचा डावा पाय गेला म्हून त्याच्या हाती नीट चालते. धडधाकट पायाचे येऊन तिले तुडवतात, चांदन्या कापतात, अन् बाजेवर बसाचं यानं?”

हेमलानं फडकं खाली टाकलं आणि तोंड फिरवलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

मंगरूळचे गृहस्थ खूश. “गाडी एकदम बढिया हाये, सेठ. घेतली समजा.”

हे घ्या! मी खेमचंदजींकडे वळले. “आता चांगली हाये म्हून इकता? अन् खराब वाटत होती तवा ठेवली होती! हा कुठला धंदा वो?”

खेमचंदजींनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग मंगरूळवाल्यांना म्हणाले, “भाऊ, बिगडलेली समजून इकत होतो. चांगली हाये तं कायले इकू?” ते गृहस्थ फणफणत गेले, बरंच काही बोलले. बोलू दे.

मग खेमचंदजी हेमलाला म्हणाले, “आता किल्ली मी देनार नाई, तू देशीन. जो येईन त्याले आधी बाजूले बसून एक फेरी शिकव. नाई शिकला तं तूच चालव.” हेमला नुसती मान हलवून गाडीत बसला. हरीओमनं तिथंच उभं राहून फोनवर चांदण्या दिल्या. मी बघत होते, पाचच्या पाच टाकल्या.

मला रिठदला सोडायला हेमलाच आला.  माझ्या दारात गाडी उभी केली तेव्हा माझी तर समाधीच लागली होती, इतकी अलगद.

“याडी,” तो समोर बघत म्हणाला, “माह्या पायाचा चौकात तमाशा कायले केला? दोन वर्सं मी तो धोतराखाली लपवून बसलो. हळू बोलता आलं नसतं?”

माझा राग कुठं गेला कळलं नाही. मी पदरानं कपाळाची गाठ दाबून धरली.

“चुकलं बाबा,” मी म्हटलं. “पन हळू बोलली असती तं गाडी मंगरूळले पोचली असती.”

त्यानं माझ्या बाजूचं दार उघडलं आणि सीटखालून चेंदामेंदा झालेला पेढ्यांचा पुडा काढून माझ्या हातात ठेवला. मग म्हणाला, “उद्या सकाळी पयला पोट्टा येते शिकाले. ट्रॅक्टरवालाच हाये. डावा पाय बांधाले तुह्या जुन्या लुगड्याची एक पट्टी दे.”

मी दोन दिल्या.