सव्वा शेराला थोडा कमी

"मेला तर तुझा, जगला तर मेमसाहेबचा. सौदा साफ आहे, आपा."

"वा, मजीदभाई. मयताला खांदा मी द्यायचा आन् वरातीत घोड्यावर तुमच्या मेमसाहेबनं बसायचं."

"घोड्यावर नाय बसायची ती. टेबलावर बसंल. बडा दिनाची, नाताळची दावत आहे, सहा पाहुणे, सहा ससे."

"मंग ह्याला दूध पण तिनंच पाजावं की."

"तिनं बादलीत बुडवायला सांगितलं होतं."

जैतुनबी पिंजारणीनं मान पुढं करून बघितलं. मजीद खानसाम्याच्या तळहातावर, इस्त्रीच्या पांढऱ्या रुमालात, सशाचं एक पिल्लू पडलं होतं. डोळे नुकते उघडलेले, कान अंगाला चिकटलेले, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. त्याची पाच भावंडं आईच्या पोटाला लागून टरारली होती. याच्या वाट्याला सहाव्या पंगतीचं ताट आलं होतं, म्हणजे रिकामं.

"मंग बुडवलं का नाय?"

"बादली रिकामी नव्हती," मजीद दाराच्या चौकटीकडे बघत म्हणाला.

सौदा असा ठरला. दर शुक्रवारी नमाज उरकून मजीदनं यायचं, जैतुनबीच्या तराजूत ससा तोलायचा. बडा दिनाच्या आधीच्या शुक्रवारी तो सव्वा शेर भरला, तर मेमसाहेबचा. नाही भरला तर जैतुनबीचा. हाडं चघळायला मेमसाहेब पाहुण्यांना बोलवत नव्हती. जैतुनबीनं पिंजणाच्या तातीवर, म्हणजे कापूस पिंजायच्या धनुकलीच्या दोरीवर, हात ठेवून कसम घेतली आणि मजीदचा रुमालही ठेवून घेतला.

आता ही कसम काय चीज होती ते सांगायला पाहिजे. त्या काळी शहर निजामाचं, छावणी गोऱ्यांची, मधे खाम नदी. आणि दोन्हीकडच्या गाद्या पिंजणारी बाई एकच. सोयगावकडची पोर, लग्न होऊन छावणीत आली. नवरा कमरोद्दीन गेला, तेव्हा दीर म्हणाले, पिंजण विकून टाक, बाईमाणसाचं काम नव्हे ते. जैतुनबीनं चाळिसाव्याचं जेवण वाढलं, भांडी घासली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पिंजण खांद्यावर टाकून गल्लीत उतरली. तातीचा तुंग-तुंग आवाज ऐकून लोक दारात आले ते कमरोद्दीन परत आला की काय हे बघायला.

खोटं ती शंभर बोलायची. तिला 'ए बुढ्ढी' अशी हाक मारणाऱ्या एका अंमलदाराच्या गादीत तिनं एकच चिंचोका शिवला होता, बरोबर पाठीच्या मणक्याखाली. अंमलदारानं तीनदा गादी उसवून घेतली. तिन्ही वेळा चिंचोका जैतुनबीनंच काढला, तिनंच घातला, आणि तिसऱ्यांदा म्हणाली, "साहेब, कापूस मऊ आहे, तुमचं हाडच तिथं वर आलंय." पण पिंजणाची कसम घेतली की तिची जबान म्हणजे शिलालेख. ती कसम तिनं आयुष्यात दोनदाच घेतली होती, आणि पहिली कमरोद्दीनच्या उशाशी.

पहिल्याच दिवशी तिनं चूक केली, आणि ती चूक पिंजारणीशिवाय कुणी केली नसती. पिल्लाला ऊब पाहिजे म्हणून तिनं घरातला सगळ्यात चांगला कापूस काढला, तीनदा पिंजला, धुक्यासारखा हलका केला आणि त्यात त्याला ठेवलं. तासाभरात पिल्लू शिंकायला लागलं. नाकात तंतू, तोंडात तंतू, आणि मागच्या पायाला एक धागा असा आवळलेला की पंजा निळा पडला होता. जैतुनबीनं कात्रीच्या टोकानं धागा तोडला. अख्खी छावणी आपण कापसात झोपवली आणि हा एवढासा जीव कापसानंच चालला होता, याचा तिला असा राग आला की तिनं तो कापूस पुन्हा पिंजायला घेतला.

"अगं, जुन्या रजईतला घे, गोळा झालेला," शेजारची चतुराबाई दारातून म्हणाली. चतुराबाईकडे एक शेळी होती आणि प्रत्येक गोष्टीवर मत होतं. "आन् वरून मलमल गुंडाळ. त्याला काय नवरदेवाची गादी लागती व्हय?"

दूधही चतुराबाईच्या शेळीचंच. कापसाची बारीक वात करायची, कोमट दुधात बुडवायची, पिल्लाला उभं धरून ओठाला लावायची. आडवं पाजलं की दूध छातीत जातं. जास्त पाजलं की पोट ढोलासारखं फुगतं. पाजून झालं की ओल्या फडक्यानं पोटाखाली पुसायचं, आई चाटते तसं, तेव्हा कुठं ते मुतायचं. पहिल्या तोलाला ससा भरला दीड छटाक. म्हणून त्याचं नाव छटाक पडलं; अर्धा तिनं हिशेबात धरला नाही.

कामाला जाताना ती त्याला मलमलीत बांधून पदराखाली पोटाशी घ्यायची. औरंगपुऱ्यात एका घरी गाद्या पिंजायला बसली असता घरची साळूबाई तिच्याकडे टक लावून बघत राहिली.

"जैतुनबी, तुझ्या पोटात काहीतरी हललं."

"हललं आसंल."

"अगं, कमरोद्दीनला जाऊन नऊ वर्षं झाली ना?"

"झाली की," जैतुनबी ताती छेडत म्हणाली. "लई सावकाश माणूस व्हता तो."

तिसऱ्या आठवड्यात मात्र छटाक वाळायला लागला. गवताचं पान कुरतडायचा आणि त्याला जुलाब व्हायचे. जैतुनबीनं डोकं लढवलं. शेळीची करडं आईच्या मागं हिंडताना काय काय तोंडात घालतात, ते तिनं बघितलं होतं.

"मजीदभाई, त्याच्या आईच्या लेंड्या आणा."

"काय आणू?"

"लेंड्या. सकाळच्या, मऊ असतात त्या. आईच्या पोटातलं थोडं लेकराच्या पोटात गेल्याबिगर त्याला चारा पचायचा नाय."

"आपा, मी वीस वर्षं खानसामा आहे. माझ्या पगडीला पितळी बिल्ला आहे."

"मंग बिल्ल्यात आणा."

दुसऱ्या दिवशी मजीद आला तो चोरासारखा, मेमसाहेबच्या जेवणाच्या टेबलावरच्या रुमालात पुडी बांधून. वाटेत साहेब भेटला आणि पुडीत काय आहे विचारलं, तेव्हा त्यानं 'काळी मिरी' म्हणून सांगितलं होतं. साहेबाला वास घ्यायचा होता. कसा सुटलो ते विचारू नको, असं मजीद म्हणाला, आणि जैतुनबीनं ते आठवडाभर पुन्हा पुन्हा विचारलं.

लेंड्या लागू पडल्या. छटाक बसायला लागला, मग उड्या मारायला लागला, मग पिंजणाची ताती कुरतडायला लागला. तिनं पिंजण वाजवलं की मागच्या पायांवर उभा राहून कान फिरवायचा. आणि एका शुक्रवारी तो अकरा छटाक भरला.

मजीदनं त्याच्या मांडीला चिमटा घेऊन बघितलं. "कोवळा आहे. कांद्यात मस्त शिजंल."

त्या संध्याकाळी जैतुनबीनं भाकरी थापली आणि खाल्ली नाही. सव्वा शेर म्हणजे वीस छटाक. छटाक आता थांबणार नव्हता. कसम मोडायची नव्हती. म्हणजे एकच राहिलं: त्याचं वजन भरायचं नाही.

त्याला उपाशी ठेवायचा विचार तिच्या मनात आला, आणि समोर बसलेल्या छटाकनं मान वर केली तसा गेलाही. मग तिची नजर तराजूवर पडली, आणि कापसाच्या आडत्यांच्या संगतीत काढलेली तीस वर्षं तिच्या मदतीला धावून आली.

पुढच्या शुक्रवारी तिनं मजीदपुढं दोन सारख्या उशा ठेवल्या. "ससा तराजूत उड्या मारतो. एका पारड्यात उशीवर बांधून ठिवते. दुसऱ्या पारड्यात वजनाच्या बाटांसंगं तसलीच उशी. इन्साफ."

"इन्साफ," मजीदनं मान डोलावली.

फक्त बाटांकडच्या उशीच्या पोटातल्या कापसाला तिनं सकाळी पाणी मारलं होतं. खोळ कोरडी, पोट ओलं. आडते माल विकताना करतात तेच, उलट्या बाजूनं. मजीद उंच, म्हणून तराजूची दांडी नेहमी तोच धरायचा. तोल झाला. बारा छटाक.

जैतुनबी खूश व्हायला पाहिजे होती. पण तिचा हात कापसात पिकलेला. उशीत पाणी किती मुरलं हे तिला नेमकं माहीत होतं. दोन छटाक. म्हणजे खरं वजन चौदा. पण छटाक हातात उचलला की सोळाचा लागत होता. हात चुकला? का ससा आतून पोकळ झाला? तिनं दूध वाढवलं, वर शेंगदाण्याची पेंड घातली.

पुढच्या शुक्रवारी उशीत तेवढंच पाणी, आणि तरी तराजू पुन्हा बाराच म्हणाला.

"घटतोय का काय हा?" मजीद कपाळाला आठी घालून म्हणाला. आणि दुसऱ्या दिवशी घोड्यांच्या तबेल्यातून लसूणघासाची अख्खी पेंढी घेऊन आला.

"मेमसाहेबचा माल म्हणून काळजी व्हय?" जैतुनबीनं टोमणा मारला.

"हौ. नुसता चामडा टेबलावर ठेवू का?"

असं चाललं होतं. शुक्रवारी तराजू म्हणायचा ससा खंगला. शनिवारपासून दोघं त्याला दोन बाजूंनी चारायचे. छटाक एवढा जाड झाला की उंबरा ओलांडताना त्याचं पोट अडकायचं. चतुराबाई त्याला बघून शेळीकडे बघायची आणि शेळीचा चारा आत ओढून घ्यायची.

शेवटचा शुक्रवार आला. मजीद झाकणाची टोपली घेऊनच आला होता. पगडी खुंटीला अडकवली, आणि जैतुनबीच्या चेहऱ्याकडे न बघता म्हणाला, "चला, आपा. एकदाचं होऊन जाऊ दे."

जैतुनबीनं कोपऱ्यातली उशी उचलली, आणि पुन्हा एकदा हातात तोलून बघितली. उशी हलकी होती. पिसासारखी. दारात चतुराबाई हसत उभी होती.

"म्या उन्हात टाकली व्हती सकाळी," ती म्हणाली. "तू पाण्याला गेलती तवा. चिंब व्हती गं आतून. दर शुक्रवारी वलीच असती, म्या कवाधरनं बघती. म्हणलं वास मारंल."

मजीदनं हळूच जैतुनबीकडे बघितलं. जैतुनबी उशीची शिवण बघत होती.

"ओली असते," मजीद म्हणाला.

"थंडीचे दिवस हायेत."

"हौ. थंडीत कापूस भिजतो."

आता नाही म्हणायला तोंड नव्हतं. तातीवर हात ठेवून घेतलेली कसम होती. तिनं छटाकला मलमलीत बांधून पारड्यात ठेवलं. त्याच्या बुडाखालची उशी चपाती झाली. दुसऱ्या पारड्यात कोरडी उशी, त्यावर शेराचा बाट, त्यावर पावशेराचा. मजीदनं दांडी उचलली. जैतुनबीनं डोळे मिटून घेतले आणि पारडं जमिनीला टेकल्याचा आवाज ऐकायला थांबली.

आवाज आला तो बाटांच्या बाजूनं.

तिनं डोळे उघडले. छटाक वर होता. अख्खं धूड हवेत लटकत, लसूणघास चावत होतं. आणि बाटांचं पारडं खाली, ठाम.

"अगं बाई, तराजू बिघडला तुझा," चतुराबाई पुढं येत म्हणाली. "एवढं बोकडाएवढं जनावर आन् वर?"

जैतुनबीची नजर पारड्यावरून साखळीवर गेली, साखळीवरून दांडीवर, दांडीवरून मजीदच्या मुठीवर. मुठीतून एक करंगळी बाहेर आली होती, आणि बाटांकडच्या दांडीवर अशी दाबून बसली होती की नख पांढरं पडलं होतं.

म्हणजे हात चुकला नव्हता, ससाही पोकळ झाला नव्हता. इकडून उशी आणि तिकडून करंगळी, मधल्यामधे बिचारा तराजू.

"जुना झालाय तराजू," ती सावकाश म्हणाली.

"जुना झालाय," मजीदही म्हणाला, आणि दांडी खाली ठेवली.

"करंगळी दुखत आसंल, मजीदभाई. कवापासून?"

"तुझी उशी कवापासून?"

"तुम्ही कांद्यात शिजंल म्हणला, त्याच्या फुडच्या शुक्रवारपासून."

मजीद करंगळी चोळत बसला. "मी त्याच दिवशीपासून. शिजंल म्हणलो आन् घरी जाऊन कांदा कापला, तर हातच चालंना. आपा, हजार कोंबड्या कापल्यात ह्या हातानं. पण ज्याच्यासाठी लेंड्या चोरल्या..."

"म्हंजी वजन किती मग?" चतुराबाई म्हणाली. "म्या धरू का दांडी?"

"नको," दोघं एकदम म्हणाले.

"सव्वा शेराला थोडा कमी," जैतुनबीनं सांगितलं. "तुझ्या डोळ्यांदेखत तोललाय. तराजूनं सांगितलं ते सांगितलं."

मजीद उठला. खुंटीवरची पगडी काढून डोक्यावर नीट बसवली, बिल्ला मधोमध आणला. छटाकच्या दोन कानांमधे एक बोट फिरवलं, आणि रिकामी टोपली उचलली.

आता जैतुनबीलाच धास्ती वाटली. बंगल्यात टेबल मांडलेलं असणार. सहा खुर्च्या, सहा पाहुणे, आणि वीस वर्षांची नोकरी.

"मजीदभाई," ती दारापर्यंत आली, "मेमसाहेबला काय सांगशाल?"

"तराजूनं सांगितलं तेच," म्हणत तो उंबऱ्यावरून वाकून बाहेर पडला.

"अवं भाऊ, पाच सशांत सहा माणसं कशी जेवतील?" चतुराबाईनंही मागून विचारलं.

मजीद खानसामा सरळ छावणीच्या रस्त्याला लागला. चालताना टोपलीचं झाकण वाऱ्यानं उघडझाप करत होतं, आणि त्यानं ते बंद करायची तसदीही घेतली नाही.