बसमध्ये धरलेली जागा

घाटंजीजवळच्या खेड्यात आमचं दोन खोल्यांचं घर. शेत नाही. माय, बाबा आणि ताई दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायला जायचे. वेचणीच्या दिवसांत तिघांचीही बोटं चिरलेली असायची, जेवताना तिखट झोंबायचं. ताई माझ्याहून हुशार. ती दहावीत होती तेव्हा एक पोरगा सायकलनं शाळेपर्यंत तिच्या मागं यायचा. गावात बोलणं सुरू झालं. घरी तिला कोणी रागावलं नाही, मारलं नाही. फक्त दहावीनंतर तिचं नाव कुठं घातलंच नाही. त्यामुळे पोरीचं शिक्षण कशानं बंद होतं, ते मला चांगलं माहीत होतं.

मी यवतमाळच्या कॉलेजात बी.एस्सी.ला गेले. सकाळी घाटंजीच्या स्टँडवर बस लागली की लोक खिडकीतून रुमाल, पिशव्या आत टाकतात. ज्याचा रुमाल त्याची जागा. त्यावर आमच्याकडे कोणी वाद घालत नाही.

एमआयडीसीत कामाला जाणारा एक जण माझ्यासाठी जागा धरू लागला. मी कधी सांगितलं नव्हतं. सीटवर आपल्या गळ्यातला दुपट्टा पसरायचा, मी चढले की उचलायचा आणि सरकून बसायचा. एक शब्द बोलला नाही, हात लावला नाही. मी बसायची नाही. वरची दांडी धरून यवतमाळपर्यंत तास-दीड तास उभी.

"बस ना वं पोरी, एवढी जागा धरली त्यानं," एक बाई म्हणायची.

"रुसली असन," दुसरी म्हणायची, आणि मग सगळ्या हसायच्या.

त्या बसला आमच्या गावची माणसंही असायची. ते 'रुसली' घरी पोहोचलं की माझं कॉलेज संपलं, एवढंच डोक्यात असायचं. फिजिक्सच्या तासालाही तेच.

चार महिन्यांनी कॉलेजात पोलिसांच्या, मुलींसाठीच्या पथकातल्या दोघी आल्या. हॉलमध्ये त्यांनी धरलेलं मनगट कसं सोडवायचं ते दाखवलं, फळ्यावर फोन नंबर लिहिला आणि विचारलं, कोणाला काही सांगायचंय का. माझा हात वर गेला.

"मॅडम, एक जण माझ्यासाठी बसमध्ये जागा धरतो."

हॉल हसला. मागून कोणीतरी म्हणालं, "आमच्यासाठी पण धराले सांग ना त्याले."

दोघींतल्या मोठ्या मॅडम हसल्या नाहीत. "तू बसतेस तिथं?"

"नाही."

"मग रोज उभी येतेस?"

"हो."

"मग ही तक्रार आहे," त्या म्हणाल्या आणि वहीत लिहून घेतलं.

नंतर व्हरांड्यात मी त्यांना गाठलं. घरी फोन करू नका, म्हटलं. त्या म्हणाल्या, "मी नाही करणार. पण बसमधल्या कोणी सांगायच्या आधी तू सांग."

दोन दिवसांनी त्या मोठ्या मॅडम साध्या साडीत घाटंजीच्या स्टँडवर होत्या. बसमध्ये चढल्या, दुपट्टा बाजूला केला आणि त्या जागेवर बसल्या.

"बाई, जागा धरलेली आहे," तो म्हणाला.

"कोणासाठी?"

त्यानं माझ्याकडे बोट केलं.

"हिनं सांगतलं होतं तुले?"

तो दुपट्ट्याची घडी घालू लागला. मॅडम माझ्याकडे वळल्या. "काय वं, सांगतलं होतं?"

सगळी बस ऐकत होती. "नाही," मी म्हणाले, पण माझं मलाच ऐकू आलं नाही. म्हणून पुन्हा म्हणाले, "नाही सांगितलं. कधीच नाही." तेव्हा ड्रायव्हरनंही मागं वळून पाहिलं.

मॅडमनी ओळखपत्र दाखवून त्याला खाली उतरवलं. 'रुसली' म्हणणारी बाई जरा सरकली. "ये माय, बस इथं," म्हणाली. त्यानंतर तो त्या बसला दिसला नाही.

संध्याकाळी मी घरी सगळं सांगितलं. माय चुलीपुढं होती, ताई तिच्या शेजारी. बाबांनी हातातला गिलास खाली ठेवला. मला वाटलं, झालं आता.

"घाटंजीपासून यवतमाळपर्यंत?" त्यांनी विचारलं.

"हो."

"चार महिने उभी गेली तू?" ते म्हणाले. "अन् घरी येऊन पाणीबी भरत होती. मले काहून नाही सांगतलं?"

"कॉलेज बंद कराल म्हणून."

बाबांनी माझ्याकडे नाही, ताईकडे पाहिलं. "हिच्या टायमाले आमाले काही समजलं नाही," ते म्हणाले. "त्या पोराले सोडलं, अन् आपल्याच पोरीले घरी बसवलं. चुकलं ते."

ताई खाली मान घालून म्हणाली, "माय, भाकर जळून राह्यली."

माझं कॉलेज बंद झालं नाही. त्याच वर्षी बाबांनी ताईला घाटंजीला नेऊन बारावीचा, बाहेरून परीक्षा द्यायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. ती दिवसा वावरात कामाला जायची, रात्री अभ्यास करायची, आणि पहिल्याच फटक्यात पास झाली. मी बी.एस्सी. पहिल्या श्रेणीत झाले. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली.