उंच गाडी, बुटका जावई

माझी उंची पाच फूट दोन इंच आहे आणि मला तिचं अजिबात वाईट वाटत नाही. वाईट वाटलं ते मोटरसायकलच्या उंचीचं! चिखलातून, ढेकळांतून जाणारी म्हणून घेतलेली ती स्वस्तातली छोटी गाडी मला फारच ठेंगणी वाटायला लागली. (माणसाला दुसऱ्याचंच दिसतं.)

बारामतीत बाळू मिस्त्रीकडं गेलो. पुढचं चाक मोठं, टायर चिखल पकडणाऱ्या जाड गुट्ट्यांचे, शॉकअप लांब आणि स्प्रिंग कडक, असा हुकूम सोडला.

मिस्त्रीनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. (त्याला फार वेळ लागला नाही.) "भाऊ, गाडी वाढंल. पन तुमचं काय?"

"तू गाडीचं बघ!"

गाडी तयार झाली. बसलो की दोन्ही पाय हवेत! शेजारी दगड नाहीतर कट्टा असेल तरच थांबता यायचं. पण ऐकतोय तो मी कसला! सांगवीत घरापुढं थांबण्यापुरता एक दगडच रोवून घेतला.

तेवढ्यात माझ्या पोरीचं बारसं आलं, तेही सासरवाडीला, सणसरला. नाव ठेवायला निरवांगीहून माझी ताई यायची होती. आत्याशिवाय बाळाच्या कानात नाव सांगणार कोण?

"मी येष्टीनं येते की," ताई फोनवर म्हणाली.

"न्हाय! आत्याबाई माझ्या गाडीवरनंच येनार!"

ताई तिच्या ओट्यावरून मागं बसली, मांडीवर लाडवांचा डबा. स्प्रिंग तसूभरही दबली नाही! रस्ताभर झोकात आलो. सणसरला मांडव दिसला आणि मी पाय टेकायला दगड शोधायला लागलो. बारशासाठी सासऱ्यांनी सगळं अंगण जेसीबीनं सपाट करून घेतलेलं. ना दगड, ना कट्टा! मी मांडवाला वळसा घातला.

"आरं, थांब की!" ताई ओरडली.

"ताई, पाय पुरत न्हाईत!"

"मग हे आत्ता सांगतूस व्हय?"

दुसऱ्या फेरीला मंडळी बाहेर आली. तिसऱ्या फेरीला सासऱ्यांना वाटलं, जावई रुसला! ते टॉवेल-टोपी घेऊन धावत आले.

"पाव्हणं, काय चुकलं का आमचं?"

"काय न्हाय, मामा!" एवढं बोलून मी पुढं गेलो, त्यामुळं त्यांची खात्रीच पटली. चौथ्या फेरीला ते पूर्ण पोशाख घेऊन उभे! बायकोच्या माहेरी 'पाय पुरत नाहीत' हे तोंडातून निघेना.

आतून पोरीचं रडणं ऐकू येत होतं. पाळणा सजलेला, बायका ताटकळलेल्या आणि आत्या मांडवाबाहेर चकरा मारतेय! मला खरंच भरून आलं. बापाच्या हट्टापायी लेकरू बिननावाचं राहायची वेळ आली होती.

शेवटी ताईच सासऱ्यांकडं बघून किंचाळली, "आबा, रुसला न्हाय त्यो! बुटका हाय! धरा गाडी!"

चौघांनी गाडी धरली. ताई डब्यासकट खाली उतरली आणि सासऱ्यांनी मला काखेत हात घालून अलगद जमिनीवर ठेवलं. ताईनं पोरीच्या कानात नाव सांगितलं, 'ईश्वरी'. रीतीप्रमाणं बायकांनी ताईच्या पाठीत बुक्क्या घातल्या. माझ्याही घातल्या असत्या तर चाललं असतं.

पण तेवढ्यावर भागलं नाही; त्याच मांडवात एका आजीबाईंनी माझंही बारसं उरकलं होतं, 'टेकूराव'! पोरीचं नाव सणसरात अजून विचारून घ्यावं लागतं. माझं कुणालाच विचारावं लागत नाही.