मेवलिदानं अंगावर घेतलेला दोष

एल्वेदिन गोल करायचा तेव्हा तो बोस्नियातल्या अख्ख्या त्राव्निक गावाचा भाऊ असायचा. गोल आटले की एकट्या मेवलिदाचा. ती बेकरीत पाव विकायची, आणि रांगेतले लोक तिलाच जाब विचारायचे.

"काय गं, तुझ्या भावाला जाळं कुठल्या बाजूला असतं ते कुणी सांगितलं नाही का?" शेजारचा रासिम विचारायचा.

"तुम्हाला तुमची बायको कुठल्या खोलीत असते ते तरी ठाऊक आहे का?" पाव त्याच्या हातात कोंबत ती म्हणायची.

अठराव्या वर्षी एल्वेदिन स्लोव्हेनियात गेला. मग ऑस्ट्रियातलं लिंत्स, मग तुर्कस्तानातला एक हंगाम, ज्याचं तो नावही काढत नसे, मग बेल्जियममधलं घेंट. आघाडीवर खेळणाऱ्याचं नशीबच मेलं तसलं. धावतात अकरा जण, गोल झाला नाही की मान धरतात एकाची. म्हणून त्यांच्या आईनं, हनिफानं, घराला एक नियम घालून दिला होता: सामन्याच्या दिवशी पोराच्या कानावर वाईट काही घालायचं नाही. आजी गेली तेव्हा त्याला सामना संपल्यावर कळलं. वडिलांचं, म्हणजे बाबोंचं, ऑपरेशनही तसंच. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

मार्चमधल्या एका शनिवारी पहाटे चूल पेटवता पेटवता हनिफा खाली बसली ती उठलीच नाही.

एल्वेदिनचे अकरा सामने कोरडे गेले होते. त्या दुपारी त्याला शेवटची संधी होती. मेवलिदानं त्याला कळवायला फोन उचलला, तर बाबोंनी तो तिच्या हातातून काढून घेतला.

"नको. संध्याकाळी सांगू. तिचाच नियम आहे."

"बाबो, आज आई गेलीय!"

"आता निघाला तरी पोचेपर्यंत माती झालेली असेल. निदान सामना तरी हातचा जाऊ नये."

"मग उद्यापर्यंत थांबू की! घेंट काय चंद्रावर आहे?"

"मेलेल्या माणसाला ताटकळत ठेवत नाहीत." त्यांनी फोन कोटाच्या खिशात टाकला.

रासिमच्या घरून तिला फोन करता आला असता. दोन पावलांवर तर घर. ती गेली नाही, आणि याबद्दल तिनं स्वतःला कधीच माफ केलं नाही.

दुपारी पुरुष जनाजा घेऊन गेले, बायका घरात दुआ पढत बसल्या. बाबो परतले तेव्हा त्यांच्या बुटांना ओली माती होती. खिशात फोन वाजला. त्यांनी तो काढला, नुसता पाहिला आणि मेवलिदापुढे धरला.

"मेवलिदा! दोन! दोन गोल! बघितलेस ना? आईला दे, आधी आईला दे, रडत असेल बघ ती!"

तिनं सांगितलं. कसं सांगितलं ते तिला पुढे कधी आठवलं नाही. पलीकडे त्याचे सोबती गात होते, तेवढंच बराच वेळ ऐकू येत राहिलं.

"कधी?"

"पहाटे."

"पहाटे? मला सांगायचं नाही हे कुणी ठरवलं?"

बाबो समोरच उभे होते, टोपी हातात, एका दिवसात निम्मे झालेले.

"मी," ती म्हणाली.

त्यानंतर नऊ वर्षं एल्वेदिन दर रविवारी फोन करायचा, आणि तिनं उचलला तर "बाबोंना दे" एवढंच म्हणायचा. पोलंड झालं, सायप्रस झालं. गोल झाला तरी त्यानं पुन्हा हात वर केले नाहीत. पेपरवाले लिहायचे, माणूस गर्विष्ठ आहे. रांगेतल्या बायका मेवलिदाला ऐकू जाईल इतपतच हळू बोलायच्या, "सख्ख्या भावाला आईच्या मातीला येऊ दिलं नाही हिनं."

एकदाच बाबो म्हणाले, "मी सांगतो त्याला खरं काय ते."

"काय सांगताय? तुम्हाला मुलगा एकच आहे. कॉफी घ्या, निवतेय."

ते आग्रह करतील असं तिला वाटलं होतं. ते कॉफी प्यायले.

एल्वेदिननं खेळ सोडला त्याच हिवाळ्यात बाबो गेले. या वेळी मेवलिदानं श्वास थांबल्याबरोबर फोन केला. तो आला, त्यानं खांदा दिला, कबरीत उतरून माती सारखी केली. तिसऱ्या दिवशी, पाहुणे पांगल्यावर, दुखरा गुडघा लांब करून तो स्वयंपाकघरात तिच्यासमोर बसला.

"तुला माफ करायचा मी लई प्रयत्न केला, मेवलिदा. जमलं नाही."

"ठाऊक आहे मला."

"परक्या गावांत एकेक हंगाम काढताना एकच आधार वाटायचा. घरात एक माणूस आहे, जो मला कधी फसवणार नाही. बाबोंनी कधी फसवलं नाही मला."

बाबो गेले होते; आता खरं बोलून कुणी दुखावणार असेल तर तो फक्त हाच. कपाळावरचे केस विरळ झालेल्या त्या भावाकडे ती बघत राहिली. नऊ वर्षांत तो पहिल्यांदाच तिच्याशी इतकं बोलला होता.

"नाही," ती म्हणाली. "कधीच नाही फसवलं."