कॅसेटच्या शेवटी उरलेली जागा

परवा बाबांच्या कॅसेटचा डबा उघडला आणि प्लॅस्टिकच्या कोंदट वासासरशी मला उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पमधलं ते दुकान आठवलं. बाबा अंबरनाथच्या कारखान्यात होते. रविवारी ते जुन्या गाण्यांची यादी घेऊन मला तिथे न्यायचे आणि दुकानातले सिंधी काका आपल्या रेकॉर्डवरून ती गाणी कॅसेटवर भरून द्यायचे. गाण्यात सारंगी वाजवणारा कोण, हे काका दोन सुरांत ओळखत. असा कान मी पुन्हा पाहिला नाही. बाबांच्या यादीत एका गायिकेला मात्र कधी जागा नसे. ‘‘ती नाकात गाते,’’ ते ठणकावून सांगत. काका रेकॉर्ड पुसत शांतपणे म्हणायचे, ‘‘साईं, आपने उसको ठीक से सुना ही नहीं.’’ एकदा घरी कॅसेट लावली, तर यादी संपल्यावर उरलेल्या टेपवर काकांनी तिचंच गाणं भरलेलं. साथीला जवळजवळ नुसती सारंगी. आत आईचं पोळ्या लाटणं थांबलं. गाणं संपल्यावर बाबा म्हणाले, ‘‘आगाऊ आहे तो माणूस. पुढच्या रविवारी यावर दुसरं भरून घेतो.’’ पण पुढच्या रविवारी ते ती कॅसेट न्यायला विसरले, आणि त्यापुढच्याही. परवा तीच कॅसेट हाताला लागली. कॅसेटच्या कडेची छोटी पट्टी मोडली की त्या बाजूवर पुन्हा काही भरता येत नाही. अख्ख्या डब्यात तेवढी एकच पट्टी मोडलेली होती.