सगळ्यांना गायला लावणारी दीदी

दीदी चालू गाणं मध्येच थांबवायची. पाळकसाहेब डोळे मिटून तल्लीन झालेले असोत की समोर बाहेरगावचे पाहुणे बसलेले असोत, मागच्या रांगेत कुणी गप्प बसलंय असं दिसलं की तिचा हात वर जायचा. माझी पेटी थांबायची आणि ती थेट त्या माणसासमोर जाऊन उभी राहायची. "काऊन गा, तोंड दुखते का?" एवढंच विचारायची. तो ओशाळून हसायचा आणि पुढच्या कडव्याला गायला लागायचा.

गोंदियात आमच्या चर्चच्या शिवणवर्गात ती मुलींना शिकवायची. स्वातंत्र्य मिळून तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती, मी नुकताच रेल्वेच्या मालगोदामात नोकरीला लागलो होतो. रविवारी दुपारी तरुण संघाची उपासना भरे. तिथे गाणी दीदी सांगायची, पेटी मी वाजवायचो. तिचा आवाज काही गोड नव्हता. चांगला मोठा आणि जरा खरखरीत होता, शेजारची भातगिरणी चालू असली तरी तिच्यावर चढायचा.

गीतांचं पुस्तक ती हातात धरायची नाही. तिरोड्याकडच्या खेड्यांतून येणाऱ्या पुष्कळ पोरापोरींना वाचता येत नव्हतं, त्यांच्यासमोर पुस्तक उघडणं तिला आवडत नसे. एक ओळ गायची, त्यांच्याकडून म्हणवून घ्यायची आणि मग तिचा अर्थ त्यांनाच विचारायची. "कोनासाठी गाऊन राहिले, ते तं समजू द्या," म्हणायची. सुमती नावाची एक मुलगी होती. बोदलकसा तलावाजवळच्या गावची, भाताच्या रोवणीला जाणारी, चारचौघांत मान वर न करणारी. दीदी तिच्या शेजारी बसून गायची, आणि सुमतीचा आवाज निघाला की आपला हळूच खाली आणायची.

मग दीदीच्या गळ्याला गाठ आली. नागपूरला ऑपरेशन झालं. गाठ गेली, पण आवाजही गेला. नुसती कुजबुज उरली. परत आल्यावर ती आमच्या घरी आली, पेटीपाशी बसली आणि म्हणाली, "सूर दे." मी दिला. तिने तोंड उघडलं तर हवाच बाहेर आली. दोनदा, तीनदा तसंच झालं. मग माझ्या आईच्या मांडीवर डोकं ठेवून ती रडली. आई तिच्या केसांतून हात फिरवत राहिली.

त्या हिवाळ्यात तरुणांचा मेळावा बोदलकशाच्या तलावाकाठी होता. गाणी सांगायला नागपूरहून एका तरुणाला बोलावलं. दीदीला सगळ्यांनी मायेनेच सांगितलं, या वेळी तू आराम कर. ती स्वयंपाकाच्या चुलीपाशी जाऊन बसली.

नागपूरचा पाहुणा फारच सुरेल गायचा. लोक माना डोलवत, वाहवा करत, आणि ऐकत बसत. दुसऱ्या दिवशी सकाळी उपासनेआधी तो स्वतःच चुलीपाशी आला. "दीदी, माझ्याबरोबर कुणी गातच नाही," तो म्हणाला.

"तू इतका गोड गातेस," ती कुजबुजली, "मंग बाकीचे कायले गातीन?"

"मग काय करू?"

तिने हात पदराला पुसले. "पहिली ओळ तू गा. पुढचं मी पाहतो."

ती झाडांखाली बसलेल्या मंडळींसमोर आली तेव्हा पाळकसाहेब काळजीने अर्धे उठले होते. पाहुण्याने पहिली ओळ गायली. दीदीने हाताने त्याला थांबवलं, माझ्या पेटीवर तळवा ठेवून ती बंद केली. मग कानामागे हात धरून ती सगळ्यांकडे बघत उभी राहिली. कुणी हललं नाही. तलावावर जाळं ओढणाऱ्यांचं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं. मला वाटलं, संपलं.

दुसरी ओळ सुमतीने उचलली. मागून, बसल्या जागेवरून. दीदीने हात हळूहळू वर नेला तशी सुमतीच्या शेजारची उठली, मग अख्खी रांग उठली. दीदी पोरांमधून चालायला लागली. ज्याच्यासमोर जाई त्याच्याबरोबर ओठ हलवी, त्याचा आवाज निघाला की पुढे सरके. तिसऱ्या कडव्याला सगळे उभे होते. पाहुणाही गर्दीत शिरून गात होता, पाळकसाहेब बेसूर पण जोरात गात होते. जाळं तसंच धरून कोळी काठाला आले आणि ऐकत उभे राहिले. इतका मोठा आवाज आमच्या संघाने याआधी कधी काढला नव्हता, आणि त्यात दीदीचा अजिबात नव्हता. ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, दोन्ही एकदमच.

त्यानंतर मी गोंदियात होतो तोवर प्रत्येक मेळाव्यात गाणी दीदीनेच सांगितली. सुमती पहिली ओळ द्यायची. पुढे सुमतीने आपल्या गावात संघ उभा केला; तिथे पेटीही नव्हती आणि पेटीची आठवणही कुणाला झाली नाही.

माझी बिलासपूरला बदली झाली तेव्हा सगळा संघ स्टेशनवर आला. सामान ठेवून मी दारात उभा राहिलो, दीदीचा निरोप घ्यावा म्हणून. पण दीदी माझ्याकडे पाठ करून उभी होती. तिचे दोन्ही हात वर गेले होते, संघ गात होता, फलाटावरचे हमाल थांबून बघत होते, चहावाला टाळ्या वाजवत होता. गाडी हलली तरी तिने मागे वळून पाहिलं नाही. मागच्या बाकड्यापाशी कुणी तरी गप्प उभं होतं, आणि ती त्याच्याकडे निघाली होती.