लग्न झाल्याचा कागद

मिसलकाका कोर्टातले जुने कागद नष्ट करण्याआधी ज्याचे असतील त्याला पोस्टकार्ड लिहायचे. नियम एवढंच सांगतो की मुदत संपलेल्या खटल्यांची यादी फलकावर लावावी, पक्षकारांनी महिन्याभरात आपले मूळ कागद न्यावेत आणि उरतील ते नष्ट करावेत. पण फलक वाचायला कोर्टात येतं कोण? म्हणून काका रेकॉर्ड रूममध्ये मान वाकडी करून कार्डं लिहीत आणि क्रांती चौकातल्या टपालपेटीत स्वतः टाकून येत. ऑफिसच्या डाकेवर त्यांचा विश्वास नव्हता. सगळे त्यांना हसायचे. नवीनच लागलेली मीही हसले होते.

फाइलीला ते निजामाच्या काळातल्यासारखं मिसल म्हणत, त्यावरून हे नाव पडलं. एकदा शेंद्र्याहून एक माणूस कंपनीच्या कपड्यांतच कार्ड घेऊन आला. वडिलांच्या जुन्या खरेदीखतावर त्यांचा अंगठा होता. त्यानं कागद वाचलासुद्धा नाही, त्या ठशावर आपला अंगठा टेकवला आणि तसाच उभा राहिला. तो गेल्यावर काका म्हणाले, "बघ बाई, फलकावर काय लिहिलंय हे त्याला कुठं कळणार होतं?" त्यानंतर मी हसायची थांबले.

दयाळू असले तरी नियमाला ते पक्के होते. मूळ कागद ज्यानं दाखल केला त्यालाच परत. सख्खा भाऊ आला तरी, ओळखीचा वकील आला तरी, "तुमचा कागद नाय तो," एवढंच उत्तर. त्यांच्या या हट्टाचा मला फार राग यायचा.

एका वर्षीची यादी टाइप करताना घटस्फोटाच्या एका जुन्या प्रकरणात मला काकांचं नाव दिसलं. नावासारखं नाव असेल, असं मला वाटलं.

"माझीच मिसल हाय," काका म्हणाले. "लग्नाचा फोटो आहे त्यात. तिनं दाखल केलेला. लग्न झालं होतं हे कोर्टाला दाखवावं लागतं ना."

"मग मोडलं कशानं?"

"दोघं बी लई हट्टी होतो."

फोटोत काकांच्या मुंडावळ्या तिरप्या झाल्या होत्या आणि ते डोळे मिटून हसत होते. शेजारची मुलगी ओठ दाबून हसू आवरत होती. घटस्फोटाचा हुकूमनामा कायम जपायचा असतो. हा फोटो मात्र मुदतीपुरता. "मोडल्याचा कागद कायम, झाल्याचा नाय," काका म्हणाले, आणि फाइलींचा बस्ता बांधू लागले.

तिला त्यांनी कार्ड लिहिलं. मजकूर सगळ्यांना असतो तोच. फक्त नावाआधी काय लिहावं इथं त्यांचं पेन अडलं. शेवटी 'श्रीमती' लिहिलं. तो महिनाभर काका इस्त्रीचा शर्ट घालून येत होते. खिडकीशी बाईमाणसाचा आवाज आला की मान वर करत. ती आली नाही.

शेवटच्या दिवशी मी म्हणाले, "काका, तुम्हीच ठेवून घ्या ना. कोण विचारतंय?"

"दाखल तिनं केलाय, बाई. ते काम तेवढं तू कर." आणि ते व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. मी फोटो कागद कातरायच्या यंत्रात सरकवला. नंतर आत येऊन नष्ट झाल्याची नोंद त्यांनी स्वतःच्या अक्षरात केली. तेव्हा त्यांचं ऐकायला नको होतं, असं मला आजही वाटतं.

निवृत्तीनंतर वर्षाच्या आत काका गेले. गारखेड्याच्या त्यांच्या दोन खोल्यांत आम्ही ऑफिसचे लोक जमलो होतो. पांढऱ्या केसांची एक बाई आली आणि माझ्याजवळ बसली. ओठ दाबण्याच्या लकबीवरून मी तिला ओळखलं.

"तुम्ही कोर्टातल्या ना?" तिनं हळू आवाजात विचारलं. "कार्ड मिळालं होतं मला. मी मुद्दामच नाय आले. आले असते तर फोटो घेऊन जावं लागलं असतं. म्हटलं, कोर्टातल्या त्यांच्याच खोलीत आहे, राहू दे त्यांच्यापाशी." ती भिंतींकडे बघत होती. "ठेवला होता ना त्यांनी?"

"हो," मी म्हणाले. "जपून ठेवला होता."

तिनं माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. त्याच हातानं मी तो फोटो यंत्रात सरकवला होता.